घरच्या खाऱ्या टँकमधल्या कोरलना खायला काय, किती, कसं: सारखे सारखे येणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा, तिकडं कराड-सातारा, सगळीकडनं कोरलच्या म्हणजे प्रवाळाच्या खाण्याबद्दल मेसेज येतात आणि फिरून फिरून प्रश्न तेच असतात, म्हणून एका जागी लिहून ठेवलंय. नवीन असाल तर १ पासून वाचा, घाईत असाल तर आपल्या प्रश्नावर उडी मारा. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही, नंबर दिलाय तिथं जाऊन बघायचं. टँक लावून तीन-चार महिने झालेत, पाणी स्थिर आहे आणि मासे जिवंत आहेत असं धरून चाललोय, तसं नसेल तर कोरलच्या खाण्याचा विचार आत्ता नको.

१. कोरलला खायला घालावंच लागतंय का? दुकानदार म्हणतोय लाईट असली की बास.

दुकानदार अर्धा बरोबर आहे. कोरल हा प्राणी आहे पण त्याच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी कोरलला देतं, चांगल्या उजेडात रोजच्या ऊर्जेच्या ९० टक्क्यांपर्यंत. पण साखरेवर नुसता दिवस निघतो. नवीन मांस धरायला, नवीन डोकी फुटायला नायट्रोजन लागतो, फॉस्फरस लागतो, अमिनो ॲसिड लागतात, आणि ती समुद्रात प्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगणारे बारके जीव खाऊन, माशांच्या घाणीतून, पाण्यात विरघळलेलं शोषून मिळतात. आपल्या टँकमध्ये मासे असतील आणि त्यांना रोज नीट खायला पडत असेल तर यातलं पुष्कळसं कोरलला आपोआप पोचतं. म्हणून बहुतेक कोरल वेगळं काही न घालतासुद्धा जगतात, घातलं तर जास्त फुगतात, लवकर वाढतात. आणि उलटं मात्र होत नाही, लाईट कमी पडतीय म्हणून खाणं वाढवून भागवू असं म्हणाल तर पाणी तेवढं खराब होईल. बिनउजेडाचे कोरल हा वेगळाच विषय, त्यासाठी १८ बघा.

२. खातंय कुठनं? मला तर तोंडच दिसत नाही.

प्रत्येक पॉलिपच्या, म्हणजे कोरलच्या एकेका डोक्याच्या, मधोमध एक फट असते तेच तोंड, आणि घाण बाहेर पडायची वाटही तीच. भोवतीच्या टेंटॅकलवर म्हणजे मऊ बोटांसारख्या सोंडांवर डंख मारणाऱ्या पेशी असतात, त्यात बारका जीव अडकला की हळूहळू तोंडाकडं सरकवला जातो. काही जाती अंगावर चिकट थर सोडतात आणि त्यावर बसलेले कण ओढून घेतात. अकॅन नावाच्या कोरलवर एक मायसिस (बारका कोळंबीसारखा जीव) ठेवून बघत बसा, दहा मिनिटात सगळं कळतं.

३. कुणाला काय लागतं? माझ्याकडं सगळी मिसळ आहे.

ढोबळ चार गट करा.

सॉफ्टी म्हणजे लेदर, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया, आणि सोयीसाठी ह्यातच धरले जाणारे मशरूम आणि झोआ. ह्यांना वेगळं भरवायची गरज जवळजवळ नाही. झेनिया तर तोंडात दिलेलं घेतच नाही म्हणा, उजेड आणि पाण्यात विरघळलेलं यावर चालते. झोआ कधीतरी कोरलच्या खाण्याची बारीक पावडर धरतात. मशरूम मायसिस गुंडाळून घेतं, आणि मोठं रोडॅक्टिस किंवा एलिफंट इयर असेल तर ते अख्खा झोपलेला बारका मासाही गुंडाळतं, तेव्हा त्याला भरवून भरवून मोठं करण्यात कसली हौस ते तुम्हीच ठरवा. झोआ आणि पॅलिथोआ हाताळताना हातमोजे घालायचे, त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ते बसलेला दगड उकळत्या पाण्यात घालायचा नाही, कोरडा घासायचा नाही.

एलपीएस म्हणजे मोठ्या पॉलिपवाले: टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन, डंकन, कँडी केन, अकॅन, ब्लास्टो, फेव्हिया, ट्रॅकी, स्कोली. भरवायचा खरा उपयोग आणि खरी मजा इथं आहे. अकॅन, ट्रॅकी, स्कोली, डंकन हे खादाड, मायसिस सरळ गिळतात. टॉर्च-हॅमर पण खातात, पण तुकडा लहान पाहिजे. गोनिओपोरा ह्याच गटातला, तरी त्याचं तोंड बारीक, त्याला मायसिस नको, बारीक पावडर किंवा रोटिफर (अगदी सूक्ष्म प्राणी) लागतात, आणि बऱ्याच टँकमध्ये गोनी महिनोन्‌महिने हळूहळू झिजून जातात त्यामागं खाणं कमी पडणं हे एक कारण असतंच.

एसपीएस म्हणजे बारक्या पॉलिपवाले: ॲक्रोपोरा, मोंटीपोरा, बर्ड्सनेस्ट, स्टायलो. पॉलिप मिलिमीटरभर, त्यामुळं एकेकाला भरवणं हा प्रकारच नाही. त्यांना पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट थोडंसं कायम असणं, मासे भरपूर असणं, आणि वाटलंच तर आठवड्यातनं एकदा बारीक पावडर किंवा अमिनो. ह्यांच्यात लाईट, फ्लो (पाण्याचा प्रवाह) आणि अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) स्थिर ठेवणं हे खाण्याच्या कितीतरी आधी येतं.

चौथा गट बिनउजेडाचा, तो १८ मध्ये.

४. किती वेळा घालायचं?

एलपीएसला आठवड्यातनं एकदा, फार तर दोनदा. एका डोक्याला दोन-तीन मायसिस पुष्कळ झाले. पावडर असेल तर डब्यावर लिहिलंय त्याच्या चौथ्या हिश्शापासून सुरू करा, डब्यावरचा आकडा हा डबा संपावा म्हणून असतो असं माझं प्रामाणिक मत आहे. महिनाभर तेवढंच ठेवा, नायट्रेट-फॉस्फेट मोजा, जागचं हललं नसेल तरच वाढवा. पंधरा दिवस काहीच घातलं नाही म्हणून मेलेला एलपीएस मी बघितलेला नाही, खाणं कुजून मेलेले पुष्कळ.

५. दिवसा की रात्री?

समुद्रात प्लँक्टन रात्री वर येतं, म्हणून बऱ्याच एलपीएसचे खायचे टेंटॅकल अंधार पडल्यावर बाहेर येतात. फेव्हिया दिवसा दगडासारखा असतो आणि रात्री टॉर्च मारली की केसाळ दिसतो. त्यामुळं मेन लाईट गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं, निळ्या उजेडात घातलं तर उत्तम. पण रोज ठरलेल्या वेळी घातलं तर ते वेळ शिकतात, डंकन आणि अकॅन तर पाण्यात वास आला की भरदिवसा उघडतात. मध्यरात्री उठून बसायची गरज नाही, घरातले आधीच या छंदाला वैतागलेले असतात.

६. नेमकं घालायचं कसं? पायरी पायरीनं सांगा.

आधी माशांना पोटभर घाला, म्हणजे ते कोरलच्या घासावर कमी तुटून पडतात. तोवर मायसिसचा क्यूब कपभर टँकच्याच पाण्यात वितळायला ठेवा. गरम पाणी नको, नळाचं तर नकोच, मग ते कृष्णेचं असो नाहीतर साताऱ्यात कासचं असो. वितळला की चहाच्या जुन्या गाळणीतून गाळा. जो गढूळ रस खाली पडतो त्यातला चमचाभर वेगळा ठेवून बाकीचा बेसिनमध्ये, त्यात पोषण थोडं आणि फॉस्फेट जास्त. गाळणीतलं परत स्वच्छ टँकच्या पाण्यात घ्या.

आता रिटर्न पंप (सम्पमधनं, म्हणजे खालच्या टाकीतनं, पाणी वर आणणारा) आणि स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) बंद, वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) बंद नाहीतर सगळ्यात कमी. रिटर्न बंद केला की वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं, सम्प तेवढं मावेल इतका रिकामा आहे ना हे पहिल्यांदा उभं राहून बघा. वेगळा काढलेला चमचाभर रस पाण्यात सोडा आणि दहा मिनिटं थांबा. वास लागला की टेंटॅकल बाहेर येतात, तोंड थोडं उघडतं. ही वाट न बघता घास टाकणारे लोक मग १२ नंबरचा प्रश्न विचारतात.

मेडिकलमधली २० एमएलची सिरिंज घ्या, सुई नको, पुढं एअर पंपाच्या नळीचा वीतभर तुकडा आणि टोकाला जमलं तर कडक प्लास्टिकची नळी. तिनं कोरलच्या इंचभर वरनं घास हळूच सोडायचा, पिचकारी मारायची नाही, जोरात मारलं की तो मिटतो. घास तोंडापेक्षा लहान हवा, मोठा असेल तर मायसिस ब्लेडनं चिरून घ्या. पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या, मग वेव्हमेकर, मग रिटर्न, आणि स्किमर तासाभरानं. तेलकट खाणं किंवा अमिनो घातलं असेल तर स्किमर वेड्यासारखा फेस काढतो, कप लगेच भरतो, त्यासाठी हा उशीर. आणि मोबाईलवर अलार्म लावाच, पंप बंद करून कुणाशी तरी फोनवर बोलत बसलं की सकाळी टँककडं बघवत नाही.

७. मायसिस घेऊ, आर्टेमिया घेऊ, का पावडर? बजेट एकाचंच आहे.

एलपीएस जास्त असतील तर फ्रोजन मायसिस, डोळे झाकून. मोठी आर्टेमिया (ब्राइन श्रिम्प) पाणीदार असते, पोषण कमी, एनरिच म्हणजे पोषण भरून दिलेली असेल तर बरी. एसपीएस, गोनी, झोआ जास्त असतील तर रीफ-रॉइड्ससारखी बारीक पावडर. ती कपभर पाण्यात पातळ करून कोरलवर सोडायची, टँकमध्ये कोरडी शिंपडायची नाही. सायक्लॉप्स (तेही बारके जीवच) आणि रोटिफर हे मायसिस आणि पावडर ह्या दोघांच्या मधले, मिळाले तर छान. गोळ्या-पेलेट एलपीएसला चालतात, आधी भिजवून मऊ करा. अमिनोच्या बाटल्यांचा नंबर सगळ्यात शेवटी, ज्याच्या टँकमध्ये आठ-दहा मासे आहेत त्याला त्या बाटलीनं काय वेगळं दिसणार आहे ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

८. घरी बनवता येईल का? बाजारात ताजी कोळंबी मिळते, सुकट-जवळा पण आहे. अंड्याचा बलक कुणीतरी सांगितला.

कोळंबी चालते. रत्नागिरीकडनं येणारी समुद्राची, कच्ची, बिनमिठाची, साल आणि पाठीतला काळा दोरा काढलेली. आरओच्या पाण्यात दोनदा धुवा, अर्धवट गोठवा म्हणजे बारीक चिरता येते, झिप पिशवीत पातळ थर करून फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तेवढा तुकडा मोडून घ्या. माकली म्हणजे स्क्विड पण अशीच चालते. बर्फावर किती दिवस होती ते विचारा, वास येणारी कोळंबी स्वस्त म्हणून कोरलला आणू नका. नदी-धरणातले रोहू, कटला, चिलापी नको, त्यांच्या चरबीची घडण समुद्री जीवांपेक्षा वेगळी असते.

जवळा हा प्राणी म्हणून उत्तम आहे, बारीक कोळंबीच ती, पण बाजारातला सुका जवळा वाळवणावरची रेती, मीठ आणि काय काय घेऊन येतो. खूप धुवून, भिजवून माशांना एखाद्या वेळी घाला, कोरलला नको. ताजा ओला जवळा घाटाखालनं कुणी आणून दिला तर गोष्ट वेगळी, तो धुवून गोठवा.

बलक नाही. पाण्यात ढगासारखा पसरतो, कोरल त्यातला कणभर घेतात आणि उरलेला कुजतो. मसाला, तेल, मीठ लागलेलं स्वयंपाकघरातलं काहीही नाही, हे लिहायची वेळ येऊ नये पण येते.

९. आर्टेमियाची अंडी घरी फोडून पिल्लं घातली तर?

चांगलंच. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, पाणी २६-२८ अंशावर, खालनं जोरात हवा, वर उजेड, साधारण २४ तासात पिल्लं निघतात. कोल्ड्रिंकची बाटली उलटी करून वापरणारे बरेच आहेत. हवा बंद करून उजेड खाली धरला की टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी पिल्लं उजेडाकडं खाली जमतात, ती नळीनं ओढून घ्यायची, बारीक कापडात गाळून धुवायची. टरफलं टँकमध्ये जाऊ देऊ नका, आणि अंडी फोडलेलं पाणी तर अजिबात नको. ताजं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, अंगात बलक असतो तोवरच त्यात दम, म्हणून निघाल्यावर काही तासांतच घालून टाका. दुसऱ्या दिवशीची पिल्लं दिसायला मोठी, आतनं पोकळ.

१०. फ्रोजन खाणं पुण्या-मुंबईवरनं मागवतो, पोचेपर्यंत वितळतं. परत फ्रीजरला टाकलं तर चालतं का?

पाकिट हाताला अजून गार लागतंय, क्यूबचा आकार टिकलाय, मधला भाग कडक आहे, तर लगेच फ्रीजरला टाका. पूर्ण पाणी झालंय आणि कोमट लागतंय तर टाकून द्या, जीव जळला तरी. वितळून परत गोठलेल्या मायसिसच्या पेशी फुटलेल्या असतात, सगळा रस पाण्यात उतरतो, वर बॅक्टेरिया वाढलेले. रात्रीच्या गाडीनं पार्सल मागवा, थर्माकोलच्या पेटीत, आणि स्टँडवर सकाळी स्वतः जाऊन घ्या. एप्रिल-मे मध्ये तर मागवूच नका, फेब्रुवारीतच साठा करा. चार-पाच जणांनी मिळून एक पेटी मागवली तर भाडं वाटलं जातं आणि जास्त माल एकत्र असला की गारही जास्त वेळ राहतो.

११. क्लीनर श्रिम्प आणि हर्मिट क्रॅब कोरलच्या तोंडातला घास काढून नेतात. काय करू?

हे सगळ्यांकडं होतं. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापा, कडा घासून गुळगुळीत करा आणि झाकणाचं भोक उघडं ठेवून कोरलवर टोपीसारखा ठेवा. भोकातनं सिरिंजनं घास सोडायचा, अर्ध्या तासानं टोपी काढायची. तेवढा वेळ श्रिम्पला टँकच्या दुसऱ्या टोकाला एक पेलेट द्या. टोपी टेंटॅकलवर घासू नये एवढी मोठी असू दे. श्रिम्पनं एकदा अकॅनच्या पोटात हात घालून घास ओढायची सवय लावून घेतली की मांस फाटतं, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका.

१२. घातलं की धरतंय, पण तासाभरानं तपकिरी गोळा थुंकतंय. आजारी आहे का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या दिवशी तोंडातनं तपकिरी चिकट धागा किंवा गोळी आली तर ती पचलेल्याची घाण आणि जास्तीचं शेवाळ, एकदम नॉर्मल. तासा-दोन तासात मायसिस जसाच्या तसा बाहेर आला तर घास मोठा होता, नाहीतर आधीचंच पचलेलं नाही, नाहीतर फ्लो इतका की धरता येईना. घास अर्धा करा आणि आठवडाभर थांबा. नवीन आणलेला कोरल पहिला आठवडा-दोन आठवडे खातच नाही, त्याला सतावू नका. आतले पांढरे धागे बाहेर लोंबतायत, मांस हाडावरनं सुटतंय, तर तो प्रश्न खाण्याचा नाही, पाणी तपासा आणि भरवणं बंद करा.

१३. भरवायला लागल्यापासनं काचेवर शेवाळ आणि फॉस्फेट ०.३. आता?

किती असावं ते आधी बघू: नायट्रेट ५ ते १० पीपीएम (लिटरमागं मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.०३ ते ०.१, ह्याच्या आसपास बहुतेक मिश्र टँक सुखात असतात. ०.३ ला कोरल लगेच मरत नाहीत, शेवाळ मात्र खूश. पहिलं काम पावडर बंद, कारण दहातल्या आठ जणांकडं गुन्हेगार पावडरच असते. मायसिस गाळून धुताय का बघा. आठवड्याला १० टक्के पाणी बदला, स्किमर थोडा ओला (फेस पातळ निघेल असा) चालवा, फिल्टर सॉक (पाणी गाळायची पिशवी) दोन-तीन दिवसांनी धुवा, कारण त्यात अडकलेलं खाणं तिथंच कुजत असतं. मग गरज पडली तर फॉस्फेट शोषणारं जीएफओ, पण चमचा-चमचा करून. एका रात्रीत ०.३ वरनं शून्यावर आणलं तर ॲक्रोचं मांस उतरायला सुरुवात होते, त्यापेक्षा ०.३ बरं.

आणि एक बाजू अशी की खाण्याचा काही संबंधच नसतो, पाणीच तसं असतं. बोअरचं पाणी साध्या किचनच्या आरओतनं काढलेलं असेल तर टीडीएस (विरघळलेले क्षार) ४०-५० येतो, टॉप-अपमधनं, म्हणजे उडून गेलेल्या पाण्याच्या जागी घालतो त्या पाण्यातनं, रोज थोडं थोडं काय काय जमा होतंय देव जाणे. उरलेले क्षार धरणारी डीआय रेझिनची नळी लावा, टीडीएस शून्य बघा, मग खाण्याला दोष द्या.

१४. माझं उलटं आहे. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि कोरल फिके पडलेत.

टँक उपाशी आहे. स्किमर मोठा, मासे दोनच, वर कार्बन डोसिंग (नायट्रेट-फॉस्फेट उतरवायला बॅक्टेरियांना कार्बन देणं) चालू, हे त्याचं नेहमीचं चित्र. शून्य-शून्य म्हणजे स्वच्छ असं वाटतं, पण कोरलला आणि आतल्या शेवाळाला बांधायला मालच राहत नाही, आणि रिकाम्या जागी डायनोफ्लॅजेलेट येतात, तो तपकिरी बुडबुड्यांचा शेंबडासारखा थर, जो घालवताना लोक छंद सोडतात. कार्बन डोसिंग हळूहळू उतरवा, स्किमर रात्री काही तास बंद ठेवा, माशांना दिवसातनं तीनदा थोडं थोडं घाला, दोन मासे वाढवा. कोरलला थेट भरवण्यापेक्षा माशांमार्फत गेलेलं खाणं सगळ्यांना सारखं पोचतं.

१५. बागेसाठी आणलेलं १३-०-४५ खत घरात आहे. तेच टाकून नायट्रेट वाढवलं तर?

हा प्रश्न फक्त आपल्याकडंच येत असेल, तासगाव-पलूस-मिरज पट्ट्यातनं. कल्पना चुकीची नाही, १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि जगभरचे रीफवाले नायट्रेट वाढवायला तेच किंवा सोडियम नायट्रेट वापरतात. हिशेब असा की १ ग्रॅम १०० लिटरला साधारण ६ पीपीएम नायट्रेट वाढवतं. अडचण शुद्धतेची आहे, शेतीच्या ग्रेडमध्ये बाकी काय किती आहे ते पोत्यावर नसतं, आणि काही मालात मुद्दाम सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळलेली असतात ज्यात तांबं असू शकतं. लॅबच्या ग्रेडचं छोटं पाकिट आणा, वर्षभर पुरतं. रोज १ पीपीएमपेक्षा जास्त वाढवू नका.

०-५२-३४ ह्या फॉस्फेटच्या खताला मात्र हात लावू नका. ते १ ग्रॅम १०० लिटरला ७ पीपीएमच्या आसपास फॉस्फेट देतं, आपल्याला हवंय ०.१ च्या आत, म्हणजे चिमूटभर जास्त पडलं की विषय संपला.

ह्याच पट्ट्यातल्यांना अजून एक, मोरचूद, म्हणजे बोर्डो मिश्रणातलं तांब्याचं औषध. बोर्डो फवारून आलेला हात टँकमध्ये जाता कामा नये. तांबं कोरल, श्रिम्प, गोगलगाई सगळ्यांना मारतं, आणि दगड-वाळूत बसलं की पुन्हा पुन्हा सुटत राहतं. फवारणीच्या दिवशी कोरल भरवायचे असतील तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा. पंपाची, औषधाची बादली टँकच्या कामाला घ्यायची नाही हे वेगळं सांगायला नको.

१६. भरवलं आणि लाईट गेली, तर?

घाबरायचं कारण खाणं नाही, ऑक्सिजन आहे. पाणी थांबलं की ऑक्सिजन उतरतो, त्यात खाणं कुजायला लागलं की अजून लवकर उतरतो. बॅटरीवरचा एअर पंप लावा, इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त एक वेव्हमेकर. उरलेलं दिसणारं खाणं नळीनं ओढून काढा. दुरुस्तीसाठी लाईट जाणार असा मेसेज आला असेल तर आदल्या संध्याकाळपासनं काहीच घालू नका, माशांनासुद्धा.

सांगलीकरांना पुराचं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ज्या भागांत पाणी आलं नाही तिथंही लाईटचे हाल झाले. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ३५ फुटाच्या पुढं सरकायला लागली की भरवणं बंद, जास्तीचं मीठ विरघळवून पाणी तयार ठेवा, बॅटऱ्या चार्ज. कोरल त्या आठवड्यात उपाशी राहू देत, त्यांना काही होत नाही. लाईट आल्यावरही एक दिवस थांबा.

१७. मे महिन्यात टँक ३१ अंशावर गेला आणि हॅमर पांढरा पडला. खायला घालून वाचेल का?

वाचू शकतो. पांढरा पडला म्हणजे अंगातलं शेवाळ गेलं, प्राणी अजून जिवंत आहे, फक्त साखर बंद झाली. हवाईतल्या मोंटीपोरा कॅपिटाटा ह्या जातीवर झालेलं संशोधन २००६ साली प्रसिद्ध झालं, त्यात ब्लीच झालेल्या (अशाच पांढऱ्या पडलेल्या) कोरलनी प्लँक्टन खाणं इतकं वाढवलं की रोजची सगळी ऊर्जा त्यातनंच भागली. पण त्याच प्रयोगातल्या दुसऱ्या जातींना ते जमलं नाही, म्हणून खात्री कुणी देऊ नये.

आधी तापमान. सम्पवर पंखा लावला तरी बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतं, टॉप-अप मात्र दुप्पट लागतं. २६ वर आणायला दोन दिवस घ्या. लाईट निम्मी करा. टेंटॅकल बाहेर येत असतील तर एक दिवसाआड अगदी बारीक घास, ताजी आर्टेमिया पिल्लं सगळ्यात बरी, पचायला हलकी. टेंटॅकल येतच नसतील तर वरनं खाणं टाकून ते मांसावर कुजवू नका. रंग परतायला आठवडे, कधी महिने लागतात.

१८. सन कोरल बघितला, काय रंग आहे! लाईट लागत नाही म्हणे, मग सोपाच की?

लाईट लागत नाही म्हणूनच अवघड. अंगात शेवाळ नाही, म्हणजे सगळं पोट तुमच्या हातात. प्रत्येक डोक्याला आठवड्यात तीन-चार वेळा तरी मायसिस किंवा मोठी आर्टेमिया लागते, आणि पन्नास डोकी असतील तर पन्नास घास. सुरुवातीला उघडतच नाही, रोज एकाच वेळी पाण्यात रस सोडून आठवडा-दोन आठवडे शिकवावं लागतं. डोक्यांमधलं मांस आत गेलंय, हाड दिसतंय, म्हणजे उपाशी आहे. एवढ्या खाण्यानं पाणी घाण होतं आणि शेजारी ॲक्रो असतील तर त्यांना त्रास. कार्नेशन म्हणजे डेंड्रोनेफ्थिया तर नकोच, त्याला बारीक फायटोप्लँक्टन (तरंगतं सूक्ष्म शेवाळ) जवळजवळ अखंड लागतं आणि घरच्या टँकमध्ये तो काही महिन्यांत वितळतो. सन कोरलच्या कायद्याचं २० मध्ये बघा.

१९. हिरवं फायटोप्लँक्टन रोज घालतो, कोरल खातात का ते?

बहुतेक कठीण कोरल ते थेट खात नाहीत, कण दोन-चार मायक्रॉनचा, त्यांना हवा असतो प्राणी. पण फायटो खाऊन टँकमधले कोपेपॉड (बारके कवचवाले जीव) वाढतात, ते कोरल आणि मँडरिन मासे खातात, शिंपले आणि फेदर डस्टर किडे तर थेट गाळून घेतात. म्हणजे वाया जात नाही, लांबच्या वाटेनं पोचतं. रेफ्युजियम (शेवाळ आणि बारक्या जीवांसाठीचा वेगळा कप्पा) असेल तर घाला, नसेल तर ते पैसे मायसिसवर घाला.

२०. मालवणला गेलो की किनाऱ्यावरनं किंवा खडकावरनं जिवंत कोरलचा तुकडा आणला तर? फुकटात होईल.

नाही. सगळे कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाईप, फायर कोरल आणि सी फॅन हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या सूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच ह्यांना. सन कोरलही कठीण प्रवाळातच मोडतो. मालवणचा समुद्र १९८७ पासनं सागरी अभयारण्य आहे ते वेगळंच. बाहेरनं आयात केलेल्या कठीण कोरलना साइटीसचे (वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कागद लागतात, आणि कायद्यात २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी जिवंत प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. कुणी टॉर्च-हॅमर स्वस्तात देतोय आणि कागद विचारले की विषय बदलतोय, तर तिथनं निघा. झोआ, मशरूम, लेदर, झेनिया त्या कठीण प्रवाळांच्या यादीत बसत नाहीत, आणि ३ मध्ये लिहिल्याप्रमाणं भरवायची कटकटही त्यांनाच सगळ्यात कमी. नवीन माणसानं तिथनंच सुरुवात करावी असं मला वाटतं.

२१. दिवाळीत आठ दिवस गावाला चाललोय. शेजारच्या काकूंना कोरल भरवायला शिकवून जाऊ का?

अजिबात नको. काकू प्रेमानं घालणार आणि प्रेमानं जास्तच घालणार. कोरलना आठ दिवस काही लागत नाही. माशांसाठी ऑटो फीडर लावा, नाहीतर गोळ्यांच्या औषधाची वारांची डबी मिळते त्यात रोजचे मोजून पेलेट भरून द्या आणि बाकी सगळं खाणं, पावडर, बाटल्या कपाटात कुलूप लावून जा. काकूंना दोनच कामं: डबीतला आजचा कप्पा रिकामा करायचा, आणि टॉप-अपच्या डब्यात साधं आरओचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, खारं नाही. आल्यावर आधी खारटपणा आणि नायट्रेट-फॉस्फेट मोजा, काच पुसा, आणि पहिल्या खेपेला नेहमीच्या निम्मंच घाला.